पडणाऱ्या ठोकळ्यांचा ताळेबंद

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती. संध्याकाळची जेवणे दिवेलागणीपूर्वीच आटोपून आम्ही सोप्यात बसलो होतो. पाचवीत शिकणारा माझा नातू मोबाइलवर पडणारे ठोकळे रचण्यात गर्क होता आणि मी त्याच्या सराव प्रश्नपत्रिकेचे गुण वहीत उतरवून घेत होतो. खेळ संपला. पडद्यावर फटाके उडाले, टाळ्यांचा आवाज झाला आणि आजवरचा सर्वांत मोठा आकडा गाठल्याची पाटी झळकली. त्याच आनंदात त्याने वाकून माझ्या वहीत पाहिले. तेथे लिहिले होते : आकृत्यांचे प्रश्न, दहापैकी चार. क्षणभर तो गप्प राहिला आणि म्हणाला, "आजोबा, मी फक्त खेळातच हुशार आहे. खरा ढच आहे ना मी?"

बँकेत छत्तीस वर्षे नोकरी केली. तपासनीसांच्या, खातेदारांच्या आणि वरिष्ठांच्या अवघड प्रश्नांना उत्तरे देण्यात आयुष्य गेले. पण या प्रश्नाने मी निरुत्तर झालो, कारण त्या मुलाला या निष्कर्षापर्यंत आणून सोडणारा दुसरा कोणी नसून मीच होतो. ही हकीकत तीन वर्षांपूर्वीची आहे. आज घरोघरी आजी-आजोबांच्या हातात मोबाइल आणि मांडीवर नातवंड आहे, म्हणून ती सविस्तर सांगण्याजोगी वाटते.

त्या जूनमध्ये त्याची शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी सुरू झाली. तेव्हा ही परीक्षा पाचवीत होत असे. तिच्या दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्ता चाचणीचे ५० प्रश्न आणि १०० गुण असतात, हे ज्यांच्या घरात मूल या परीक्षेला बसले आहे त्या सर्वांना ठाऊक असेल. नातवाचे गणित बरे होते, भाषाही चांगली होती. पण फिरवलेली आकृती, आरशातील प्रतिमा, पाण्यातील प्रतिबिंब असे प्रश्न आले की तो गोंधळून जाई. त्याच सुमारास एक जाहिरात माझ्या पाहण्यात आली. रोज पंधरा मिनिटे कोड्यांचे खेळ खेळा, मुलांची बुद्धी तल्लख होईल, आकलन वाढेल, एकाग्रता वाढेल, अशी आश्वासने तीत होती. मेंदूचे रंगीत चित्र होते आणि "शास्त्रीय पद्धतीने तयार केलेले" असा शिक्काही होता. मी वर्षभराची वर्गणी भरून टाकली.

सूनबाई तेव्हा एवढेच म्हणाली, "मामा, त्याला फिरवलेली आकृती का कळत नाही, ते आधी बघायला नको का?" मला ते बोलणे जुन्या वळणाचे वाटले. वास्तविक एखादा उद्योजक असा कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला असता, तर "हा शिक्का कोणी मारला, परतफेड कोठून होणार, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद कोठे आहेत," असे विचारल्याशिवाय मी त्याला चहादेखील विचारला नसता. नातवाच्या बाबतीत मात्र मी पहिल्याच भेटीत कर्ज मंजूर केले.

एक गोष्ट तेवढी सवयीने केली. वहीत तीन रकाने आखले : तारीख, खेळातील गुण, आणि दर रविवारी सोडवलेल्या आकृत्यांच्या दहा प्रश्नांतील गुण. चार महिन्यांत दुसऱ्या रकान्यातला आकडा आठपटीहून अधिक झाला. तिसरा रकाना चार, पाच, चार, चार असाच चालला होता. मी त्याकडे काणाडोळा करीत होतो. मुलाने केला नाही. जाहिरातीने त्याला सांगितले होते की या खेळाने बुद्धी वाढते. खेळ तर त्याला उत्तम जमत होता. तरी प्रश्न सुटत नव्हते. मग दोष कोणाचा? दहा वर्षांच्या मुलाने अगदी तर्कशुद्ध उत्तर काढले : दोष माझा.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून, जे काम जूनमध्ये करायला हवे होते ते मी ऑक्टोबरात हाती घेतले. या खेळाची चौकशी सुरू केली.

खेळ मूळचा कोठला?

नातू खेळत होता तो खेळ म्हणजे नाव बदललेले टेट्रिसच. हा खेळ १९८४ मध्ये मॉस्कोत जन्मला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणारे अलेक्सेई पाजित्नोव यांना कोड्यांचा फार नाद होता. पाच चौरस एकमेकांना कडेने जोडले की बारा वेगवेगळ्या आकृत्या होतात. त्या आकृत्या चौकटीत बसविण्याचे लाकडी कोडे त्यांच्या आवडीचे होते. संगणकावर आणताना त्यांनी पाचाचे चार चौरस केले. त्यामुळे आकृत्या सातच राहिल्या : उभी काठी, चौरस, टी, एल व तिचे उलटे रूप, एस व तिचे उलटे रूप. ग्रीक भाषेत चाराला 'टेट्रा' म्हणतात. त्याला त्यांच्या आवडत्या टेनिस खेळाचे नाव जोडून टेट्रिस हे नाव तयार झाले. त्यांच्या संगणकावर चित्रे काढण्याची सोयही नव्हती. ठोकळे कंसाच्या चिन्हांनी दाखविले जात. पुढे सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने, वादिम गेरासिमोवने, तो दुसऱ्या संगणकासाठी तयार करण्यात हातभार लावला आणि १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्राबरोबर तो जगभर पोहोचला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. हा खेळ मुलांची बुद्धी वाढविण्यासाठी कोणी तयार केला नव्हता. तो एका कोडेप्रेमी माणसाने स्वतःच्या आनंदासाठी केला. बुद्धिवर्धनाची पाटी त्याच्यासारख्या खेळांवर पुढे इतरांनी लावली.

संशोधकांना काय आढळले?

टेट्रिस इतके सोपे आणि इतके प्रसिद्ध आहे, की मानसशास्त्रज्ञांनी त्याची अनेक वेळा परीक्षा घेतली आहे. ती निरीक्षणे वाचताना मला दोन्ही बाजूंचा पुरावा मिळाला, आणि दोन्ही बाजू मांडणे हे माझे कर्तव्य आहे.

अनुकूल बाजू आधी पाहू. २००२ मध्ये डी लिसी आणि वोल्फोर्ड या दोन संशोधकांनी तिसरीतील मुलांना अर्ध्या अर्ध्या तासाच्या अकरा सत्रांत टेट्रिस खेळायला दिले. तेवढाच वेळ दुसऱ्या गटाने भूगोलाचा एक संगणकीय खेळ खेळला. आकृती मनात फिरवून ओळखण्याच्या चाचणीत टेट्रिस खेळलेल्या मुलांची प्रगती अधिक झाली. आरंभी मुलींचे गुण मुलांपेक्षा कमी होते. खेळानंतर तो फरक उरला नाही. म्हणजे खेळ अगदीच निष्फळ म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजू. त्याच वर्षी सिम्स आणि मेयर यांनी टेट्रिसमध्ये तरबेज असलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली. टेट्रिसच्या ठोकळ्यांसारख्या आकृत्या मनात फिरविण्यात ते इतरांहून सरस ठरले. पण आकृत्या निराळ्या दिल्या, किंवा अवकाशज्ञानाच्या अन्य कसोट्या लावल्या, की त्यांचे वेगळेपण दिसेनासे झाले. टेट्रिसची सवय नसलेल्यांना बारा तास खेळवून पाहिले, तेव्हाही त्यांची अवकाशज्ञानाची क्षमता न खेळलेल्यांपेक्षा वाढलेली आढळली नाही.

मला या निष्कर्षाचे नवल वाटले नाही, कारण आमच्या शाखेत मी तो डोळ्यांनी पाहिला आहे. नोटा मोजण्याची यंत्रे येण्यापूर्वी रोखपाल हाताने नोटा मोजत. ओल्या स्पंजाला बोट लावून शंभर नोटांचे बंडल ते बोलता बोलता मोजत आणि एक नोट कमी असली तरी त्यांचे बोट अडखळे. नवशिक्या लिपिकाला ते जादूसारखे वाटे. पण त्या कौशल्याने त्यांना चक्रवाढ व्याज अधिक चांगले काढता येत नसे, आणि तशी अपेक्षाही कोणी केली नाही. नोटा मोजल्याने नोटा मोजता येतात. थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच हे तपासून सांगितले होते. आयताचे क्षेत्रफळ नजरेने अजमावण्याचा सराव केलेल्या माणसांना दुसऱ्या आकाराच्या व मापाच्या आकृत्या दिल्या, तेव्हा त्या सरावाचा लाभ बराच घटला. एका कामात कमावलेले कौशल्य दुसऱ्या कामाच्या खात्यावर आपोआप जमा होत नाही. दोन कामांत जेवढे साम्य असेल, तेवढेच ते पलीकडे पोहोचते.

आणखी एक निरीक्षण मनोरंजक आहे. १९९२ मध्ये रिचर्ड हायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेट्रिस शिकणाऱ्यांच्या मेंदूचे मापन केले. कित्येक आठवड्यांच्या सरावानंतर खेळातील गुण वाढले, पण खेळताना मेंदूत होणारा साखरेचा वापर कमी झाला. याचा सोपा अर्थ असा, की काम अंगवळणी पडल्यावर मेंदूला त्यासाठी पूर्वीइतके श्रम पडत नाहीत. रोखपालाची बोटे जशी बोलता बोलता चालत, तशीच माझ्या नातवाची बोटे चालली होती. दुसऱ्या रकान्यातील आकडा जसजसा वाढत होता, तसतसे त्यातील विचाराचे प्रमाण कदाचित कमी होत होते, आणि मी आकडा पाहून खूश होतो.

ठोकळा कोण फिरवतो?

तरीही एक शंका उरली होती. परीक्षेत आकृती फिरवायची असते आणि खेळातही ठोकळा फिरवायचाच असतो. मग साम्य असूनही लाभ का झाला नाही?

याचे उत्तर मला कर्श आणि मॅग्लिओ यांच्या १९९४ च्या एका निबंधात मिळाले. टेट्रिस खेळणारे लोक ठोकळा मनात फिरवून मग कळ दाबतात, असा सर्वांचा समज होता. त्यांनी प्रत्यक्ष खेळी तपासल्या, तेव्हा निराळेच दिसले. खेळाडू आधीच कळ दाबून ठोकळा पडद्यावर फिरवून पाहतात आणि नंतर तो कोठे बसेल ते ठरवतात, कारण मनात फिरविण्यापेक्षा बोटाने फिरविणे लवकर होते. हे शहाणपणाचेच आहे. आपणही सोफा दारातून जाईल की नाही हे मनात न पाहता सोफाच वळवून बघतो. पण याचा अर्थ असा, की जे काम मुलाच्या मनाने करावे अशी माझी अपेक्षा होती, ते काम यंत्र करून देत होते. परीक्षेतील कागद मात्र कळ दाबून फिरत नाही.

दुसरे कारण मी स्वतः नातवाशेजारी बसून शोधले. त्याच्या चुकलेल्या प्रश्नांची यादी केली, तेव्हा बहुतेक चुका एकाच जातीच्या निघाल्या. फिरवलेली आकृती आणि आरशातील प्रतिमा यांत त्याची गल्लत होत होती. आता खेळातील एस ठोकळा घ्या. तो कितीही वेळा फिरवला तरी त्याचा झेड कधीच होत नाही. त्यासाठी तो उचलून पालथा करावा लागतो, आणि पडद्यावरचा ठोकळा पालथा करण्याची सोयच नसते. म्हणजे माझ्या नातवाला ज्या भेदाची ओळख हवी होती, तो भेद या खेळात कधी विचारलाच जात नव्हता. सूनबाईने जूनमध्ये सांगितलेले शब्द मला तेव्हा आठवले. आजार कोणता हे न पाहता मी औषध आणले होते.

लग्नपत्रिकांचे ठोकळे

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता. जाड कागद, एका बाजूला छापील, दुसऱ्या बाजूला कोरा. त्यावर चौकटी आखून आम्ही दोघांनी सातही ठोकळे कात्रीने कापले. मी त्याला एल दिला आणि उलटा एल तयार कर म्हणालो. त्याने तो टेबलावर गोल गोल फिरवला, चारही दिशांना ठेवून पाहिला, वैतागला, आणि शेवटी उचलून पालथा केला. उलटा एल तयार झाला. पण आता कोरी बाजू वर आली होती. तो त्या कोऱ्या बाजूकडे बराच वेळ पाहत राहिला. "म्हणजे आरशात बघितलं की पालथं होतं, आणि फिरवलं की छापील बाजू वरच राहते," तो हळूच म्हणाला. मी काहीच बोललो नाही.

मग मी त्याला सांगितले, की या सात ठोकळ्यांचे मिळून २८ चौरस होतात. तर चार गुणिले सात असा आयत रचून दाखव. तीन संध्याकाळी तो झटला. चौथ्या दिवशी सूनबाईही स्वयंपाकघर आवरून येऊन बसली. प्रत्येक वेळी एक ठोकळा चुकीच्या जागी उरायचा. नातवाचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा होऊ लागला, तेव्हा मी बुद्धिबळाच्या पटासारखा आयत काढला आणि सगळ्या ठोकळ्यांवर एक चौरस काळा, एक पांढरा असे रंगवायला सांगितले. आयतात काळे १४, पांढरे १४. काठीत दोन काळे, दोन पांढरे. चौरसातही तसेच. एल, एस, त्यांची उलटी रूपे, सगळ्यांत दोन-दोन. टी ठोकळ्यात मात्र एका रंगाचे तीन आणि दुसऱ्याचा एक. सातांची बेरीज कशीही केली तरी १५ आणि १३ येते, १४ आणि १४ कधीच येत नाही.

तो ओरडलाच, "आई, हा टी एकटाच भांडखोर आहे! त्याच्यामुळे होतच नाही!" आणि मग माझ्याकडे वळून जे बोलला ते माझ्या वहीतल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मोलाचे होते. "म्हणजे आजोबा, मी ढ नव्हतो. ते होणारच नव्हतं."

पुढे आम्ही पाच चौरसांच्या बारा आकृत्यांचा संच कापला. त्यांचे ६० चौरस होतात आणि सहा गुणिले दहाचा आयत त्यांनी २३३९ प्रकारांनी भरता येतो. तीन गुणिले वीसचा आयत मात्र केवळ दोन प्रकारांनी भरतो. आम्हाला पहिल्याचे तीन प्रकार सापडले, दुसऱ्याचा एकही नाही. त्याचे कोणाला दुःख झाले नाही.

खेळ पारखावा कसा?

याचा अर्थ मोबाइलवरील प्रत्येक कोडे टाकाऊ आहे असा कोणी घेऊ नये. २०१५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्य विद्यापीठात एक तुलना प्रसिद्ध झाली. काही विद्यार्थ्यांना पोर्टल २ हा निव्वळ करमणुकीसाठी केलेला कोड्यांचा खेळ दिला आणि इतरांना बुद्धिवर्धनाचा दावा करणारे लुमोसिटीचे खेळ दिले. आठ तासांनंतर अवकाशज्ञान आणि चिकाटी यांच्या मापनात करमणुकीचा खेळ खेळलेले पुढे होते. प्रयोग लहान होता, विद्यार्थी महाविद्यालयीन होते, म्हणून त्यावरून मुलांसाठी नियम काढता येणार नाही. पण पाटी पाहून माल घेऊ नये, एवढे त्यातून खचित कळते. त्याच लुमोसिटीच्या कंपनीवर, पुरेसा शास्त्रीय आधार नसताना मोठे दावे केल्याचा ठपका अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ठेवला आणि २०१६ मध्ये तिने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवले.

माझ्या अनुभवातून मी आता पाच प्रश्न विचारतो. वाचकांनी आपापल्या घरी ते लावून पाहावेत.

पहिला प्रश्न : मुलाने चूक केली की खेळ काय करतो? चांगले कोडे थांबते, चूक समोर ठेवते आणि विचार करू देते. घाई लावणारा खेळ बोटे तयार करतो. त्यालाही जागा आहे, पण त्याला विचारांचा व्यायाम म्हणू नये.

दुसरा प्रश्न : खेळाला शेवट आहे का? लाकडी कोडे सुटले की मूल उठून जाते. टेट्रिसला मुळात शेवट नाही; त्यात खेळणारा केव्हा तरी हरतोच. अशा खेळात 'आता पुरे' हे खेळ सांगत नाही, ते घरातल्या मोठ्यांनी आधीच ठरवून द्यावे लागते.

तिसरा प्रश्न : खेळाचे उत्पन्न कोठून येते? हा बँकेतला प्रश्न आहे आणि तो सर्वांत उपयोगी आहे. फुकट मिळणारा खेळ कोणी तरी पगार देऊन तयार केलेला असतो. कँडी क्रशसारख्या खेळात पाच 'जीव' असतात; ते संपले की एक जीव परत येण्यास अर्धा तास थांबावे लागते, नाहीतर पैसे मोजावे लागतात. तेथे कोडे अवघड होते ते मुलाच्या बुद्धीसाठी की आपल्या खिशासाठी, हे विचारावे. एकदाच किंमत देऊन विकत घेतलेला, जाहिराती नसलेला खेळ पुष्कळदा स्वस्त पडतो.

चौथा प्रश्न : यात मनाचे काम कोणते आणि यंत्राचे कोणते? मुलाशेजारी दहा मिनिटे बसल्यावाचून याचे उत्तर मिळत नाही. जे शिकावे अशी आपली इच्छा आहे, तेच यंत्र करून देत असेल, तर खेळ करमणूक म्हणून खुशाल असू द्यावा. शिक्षण म्हणून त्याची नोंद करू नये.

पाचवा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : मोबाइल बाजूला ठेवल्यावर मुलाजवळ काय उरते? त्याला आपली चाल शब्दांत सांगता येते का? तीच युक्ती तो कागदावर, पुठ्ठ्यावर, शेजारच्या मित्राला शिकवताना वापरतो का? बँकेच्या भाषेत सांगायचे तर, कर्जाची रक्कम खात्यात दिसणे म्हणजे उत्पन्न नव्हे.

वेळेची मर्यादा तर हवीच. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये तयार केलेल्या सूचनांनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवूच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी दोन तासांपेक्षा कमी असावा. यात अभ्यासाचे चित्रपट आणि बुद्धीचे खेळ वेगळे काढून मोजू नयेत. डोळ्यांना तो भेद कळत नाही.

आणि सर्वांत आधी, मुलाला खोटे वचन देऊ नये. "हे खेळ, म्हणजे हुशार होशील," हे वाक्य आपण सहज बोलतो. वचन खोटे ठरले, तर मोठा माणूस जाहिरातीला दोष देतो. लहान मूल स्वतःला देते. वर्गणीची रक्कम बुडाली त्याचे मला फारसे वाटले नाही. त्याच्या मनात बसलेला तो 'ढ' हा शब्द काढायला मात्र सबंध हिवाळा लागला.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. तो पात्र ठरला; शिष्यवृत्तीधारकांच्या यादीत त्याचे नाव आले नाही. रविवारच्या सरावात आकृत्यांचे गुण शेवटी शेवटी सात-आठपर्यंत गेले होते. त्याचे सारे श्रेय मी लग्नपत्रिकांना देणार नाही. शाळेतल्या बाईंनीही मेहनत घेतली होती आणि मूल त्या वयात महिन्यागणिक वाढत असते. एका मुलावरून सिद्धान्त मांडण्याची चूक मी पुन्हा करणार नाही.

आता तो आठवीत आहे. पडणारे ठोकळे अजून खेळतो, सुट्टीच्या दिवशी, ठरलेल्या वेळी, आणि निव्वळ मजेसाठी. मीही त्याच्याशेजारी बसून खेळतो आणि दर वेळी हरतो. बिस्किटांच्या जुन्या डब्यात आमचे पुठ्ठ्याचे सात ठोकळे जपून ठेवले आहेत. परवा पाहिले, तर त्याने ते धाकट्या बहिणीपुढे मांडले होते आणि चार गुणिले सातचा आयत करून दाखव म्हणून तिला आव्हान दिले होते. ती जिवाच्या आकांताने झटत होती. मी काही बोलणार, इतक्यात त्याने ओठांवर बोट ठेवून मला खुणावले.

"आजोबा, सांगू नका. चौथ्या दिवशी मी तिला रंग देणार आहे."